सोन्याची पिन, तांब्याचा सूर

स्पीकरची वायर बदलली की तबल्याचा बायाँ म्हणे ‘उघडतो’. उघडतं ते पाकीट. ५ मीटर लांब, २.५ चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या वायरीचा रोध जाऊन-येऊन सुमारे ०.०७ ओहम, ८ ओहमच्या स्पीकरला त्याचं काय? पुढे स्पीकरच्या पोटातली व्हॉइस कॉइल बारीक तारेचीच. तिला कोण बदलणार! सोन्याचा मुलामा दिलेल्या पिनांचं कौतुक तर विचारूच नका. सोनं तांब्यापेक्षा वीज कमीच वाहून नेतं. गुण एवढाच की ते काळवंडत नाही. मुंबईच्या दमट हवेत तो उपयोगी, मान्य. पण वायरची हिरवी पडलेली टोकं कापून, नव्यानं सोलून स्क्रू आवळले तरी तेच काम फुकटात होतं. वाचलेल्या पैशांत खिडक्यांना जाड पडदे लावा. खोलीतला घुमारा तरी कमी होईल.