वाळू होती

मोटरसायकलचं पुढचं चाक उचलायला फारशी अक्कल लागत नाही. पहिल्या गिअरमध्ये रेस देऊन क्लच झटक्यात सोडला की शंभर किलोच्या आसपासची जुनी आरएक्स हंड्रेडही उठते. चाकणला तयार होणाऱ्या ड्यूकला तेवढंही निमित्त लागत नाही. उचललेलं चाक ऐंशीच्या वेगात वर ठेवायचं कसं, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर गल्लीतल्या व्हीलीवाल्याकडे असतं आणि ते न विचारता मिळतं.

त्याच्या मते सगळं उजव्या पायात आहे, आणि हे खरं आहे. गाडी आणि स्वार यांचा एकत्रित गुरुत्वमध्य मागचं चाक जिथे टेकतं त्याच्या बरोबर वर आला की तो बॅलन्स पॉइंट. त्याच्या अलीकडे गाडी खाली यायला बघते, तिला रेस देऊन धरायचं. पलीकडे गेली की नुसती रेस सोडून भागत नाही. मागचा ब्रेक हलकेच दाबावा लागतो, तेव्हा नाक खाली येतं. म्हणून उजवा पाय ब्रेकवरून हलता कामा नये. हे समजावताना व्हीलीवाला टपरीच्या बाकड्याखालीही पाय दाबत असतो.

तरीही तो पडतो. कारण एकच: वाळू होती. डिव्हायडरला घासला, वाळू. कुणाच्या पार्क केलेल्या मारुतीवर उतरला, वाळू. आदल्या दिवशी डांबर पडलेल्या, आरशासारख्या रस्त्यावरही वाळू, आणि ती फक्त त्यालाच दिसलेली. पुढचं चाक हवेत तीन फूट वर असताना वाळूवरून घसरलं, हेही तो आईची शपथ घेऊन सांगतो. हवालदार कलम १८४ लावतो तेव्हा त्यालाही महापालिकेच्या वाळूबद्दल दोन शब्द ऐकावे लागतात.

वेग वाढला की गणित बदलतं. वारा छातीवर आणि गाडीच्या उघड्या पोटावर आदळून नाक मागे रेटतो, त्यामुळे कमी कोनातच तोल साधावा लागतो. फायदा एवढाच की मागचं चाक जोरात फिरत असल्यानं गाडी आडवी कमी डोलते. संथ व्हीली त्या मानानं अवघड. १९९९ मध्ये स्वीडनच्या पॅट्रिक फुर्स्टेनहॉफनं इंग्लंडात ब्रंटिंगथॉर्पच्या धावपट्टीवर ताशी ३०७ किलोमीटरनं व्हीली मारली. व्हीलीवाल्याचा अभिप्राय: तिथं वाळू नसते.

गॅरेजवाल्याचं मत वेगळं आहे. फोर्कची सीलं गळतात, कोनसेट खिळखिळा होतो, आणि गाडी फार वेळ उभी राहिली तर ऑइल मागे जाऊन पंप हवा ओढू लागतो. हा सगळा खर्च उचलण्याचा आणि आपटण्याचा. व्हीलीवाला मान डोलावतो आणि आत वाळू गेली असेल का, असं विचारतो.

पडण्याचं खरं ठिकाण म्हणजे उतरणं, आणि त्यावर तो टपरीवर अवाक्षर काढत नाही. हवेतलं पुढचं चाक मंदावतं. ते टेकताच रस्ता त्याला एकदम वेगात फिरवतो. त्या क्षणी हँडल तिरकं असेल तर ते डावी-उजवीकडे थडाथड आपटू लागतं. यालाच टँक स्लॅपर म्हणतात. रेसिंगच्या गाड्यांना त्यासाठी स्टिअरिंग डँपर असतो. गल्लीतल्या गाडीला बहुधा लिंबू-मिरची असते.

व्हीलीवाल्याबद्दल बरं बोलायचं तर एकच प्रसंग पुरतो, आणि तो प्रत्येक गल्लीत घडतो. कॉलेजातला एखादा पोरगा त्याचं बघून चाक उचलतो आणि कोपर सोलून घेतो. गाडी वडिलांची, हप्ते बाकी. वडील चप्पल न घालताच धावत येतात, हात उगारलेला. तेव्हा मधे व्हीलीवालाच उभा राहतो. "काका, त्याची चूक नाही. वाळू होती." वडील रस्ता न्याहाळत राहतात. तेवढ्यात तो पोराला गाडीच्या पलीकडे नेतो, हँडल दोन्ही हातांनी सरळ धरून दाखवतो आणि दबक्या आवाजात सांगतो की उतरताना रेस पूर्ण सोडायची नाही, आणि पुन्हा हेल्मेटशिवाय दिसलास तर काकांच्या आधी मी मारीन.