सोबत कोण आहे?

अंध मुलीला तोंडावर नकार देण्याची आपल्याकडे रीत नाही. तेवढी सभ्यता अजून शिल्लक आहे. तिला फक्त विचारतात, ‘सोबत कोण आहे?’ बँकेतला कारकून विचारतो, वसतिगृहाच्या बाई विचारतात, घर दाखवणारा एजंट विचारतो. सोबत कोणी असलंच, तर तिच्याशी बोलायचं कारणच उरत नाही. ‘यांना काय हवंय?’ असं तिच्या भाच्याला विचारून काम उरकता येतं. भाचा दुसरीत असतो. पण त्याला दिसतं.

हे सगळं काळजीपोटी. परगावच्या शाळेत पाठवायचं नाही, कारण काळजी. पांढरी काठी हातात द्यायची नाही, कारण लोक बघतील ही काळजी. लग्नाच्या बाजारात तर काळजीला पूर येतो. अंध मुलासाठी डोळस बायको शोधतात, कारण ‘त्याचं कोण करणार?’ अंध मुलीचं स्थळ आलं की तोच प्रश्न कूस बदलतो: ‘ही कोणाचं काय करणार?’

इतक्या काळजीचं फळ २०११च्या जनगणनेत दिसतं. दृष्टीचं अपंगत्व असलेल्या स्त्रिया तेव्हा सुमारे २४ लाख होत्या आणि पुरुष २६ लाखांच्या आसपास. सर्व प्रकारच्या अपंग व्यक्ती एकत्र धरल्या, तर साक्षर पुरुष ६२ टक्के आणि साक्षर स्त्रिया ४५. कामधंदा करणारे पुरुष ४७ टक्के, स्त्रिया २३. अपंगत्व दोघांनाही होतं, काळजी मात्र तिच्या वाट्याला जरा जास्त आली.

या काळजीतूनही काहीजणी निसटतात. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी लहानपणीच गेली. दादरची कमला मेहता अंधशाळा, मग झेवियर्स, मग जेएनयू असं करत त्यांनी यूपीएससीत ७७३वा क्रमांक मिळवला. वाट्याला आली रेल्वेची लेखा सेवा. पूर्ण अंधत्व आहे म्हणून रेल्वेने त्यांना घेतलं नाही. या सेवेत इंजिन हाकायचं नसतं, सिग्नल बघायचा नसतो. हिशेब तपासायचे असतात. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, १२४वा क्रमांक आला, आयएएस झाल्या आणि २०१९मध्ये तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या. रेल्वेला जिच्या हाती खातेवही द्यायची भीती वाटली, तिच्या हाती केरळने अख्खा महसुली उपविभाग दिला. मग सत्कार झाले, प्रेरणादायी लेख आले. त्या प्रेरणेत रेल्वेचाही मोलाचा वाटा होता. तिला मात्र कोणी शाल-श्रीफळ दिलं नाही.

मध्य प्रदेशने तर घोळच ठेवला नव्हता. तिथल्या न्यायिक सेवेच्या नियमांत एक कलम घालून दृष्टिहीनांना न्यायाधीशपदाच्या वाटेवरून आधीच बाजूला केलं होतं. न्यायदेवतेने डोळ्यांवर पट्टी बांधली की तो निःपक्षपातीपणा, आणि उमेदवाराला दिसत नसलं की ती अपात्रता. एका दृष्टिहीन उमेदवाराच्या आईने पत्र लिहिलं, सर्वोच्च न्यायालयाने त्याचीच याचिका केली आणि ३ मार्च २०२५ रोजी तो नियम रद्द झाला. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६चा. तो न्यायव्यवस्थेच्या स्वतःच्या उंबरठ्यापर्यंत पोचायला एवढी वर्षं लागली, तर तालुक्याच्या कचेरीने घाई का करावी?

बँकेची गोष्ट वेगळी. तिथे नियम केव्हाच झाला आहे. चेकबुक, एटीएम, लॉकर, कर्ज यांपैकी काहीही दृष्टिहीन ग्राहकाला नाकारू नका, असं रिझर्व्ह बँकेने २००८मध्येच कळवलं. शाखेत मात्र परिपत्रकापेक्षा माया मोठी. ‘ताई, तुमच्याच भल्यासाठी सांगतोय, भावाचं नाव जोडून घ्या.’ मग भाऊ कार्ड सांभाळतो, पिन सांभाळतो आणि हळूहळू पगारही सांभाळू लागतो. शाखेची पायरीच नको म्हणून तिने मोबाइलवर खातं उघडायला घेतलं, तर पडदा म्हणतो, कॅमेऱ्याकडे बघून डोळे मिचकावा. माणूस जिवंत असल्याचा एवढा एकच पुरावा यंत्राला ठाऊक. ही केवायसी सगळ्यांना जमेल अशी करा, डिजिटल सेवा हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाला ३० एप्रिल २०२५ रोजी सांगावं लागलं.

नोकरीचं म्हणाल, तर खुर्च्या विणणं, मेणबत्त्या आणि टेलिफोन ऑपरेटर या यादीवर आपण वर्षानुवर्षं समाधानी होतो. जर्मनीतले स्त्रीरोगतज्ज्ञ फ्रांक हॉफमान यांना वेगळंच सुचलं. स्तनातली बारीक गाठ बोटांनी शोधायची, तर स्पर्शाने वाचणारी बोटं कोणाची असतात? त्यांनी अंध स्त्रियांना हे तपासणीचं काम शिकवलं. दिल्लीत राष्ट्रीय अंधजन संघटनेच्या केंद्रातही असं प्रशिक्षण दिलं गेलं. इथे तिच्यावर उपकार म्हणून कोणी जागा राखलेली नाही. रुग्णालाच तिची गरज आहे. अडचण एवढीच, की कामाला जायचं तर रोज घराबाहेर पडावं लागतं. फुटपाथवर दुचाक्या असतात, फुटपाथ संपला की उघडं गटार असतं आणि स्टेशनपर्यंत पोचलीच, तर पुढे लोकल असते.

लोकलमध्ये अपंगांसाठी वेगळा डबा आहे. स्त्री-पुरुष एकत्र असतात, आणि गर्दीच्या वेळी त्यात धडधाकट पुरुषही बरेच निघतात. असाच एखादा सज्जन तिला बघून चटकन उठतो, आपली म्हणून तिचीच जागा तिला देतो. मग घाटकोपरपासून समजावू लागतो, की मुलीच्या जातीने, त्यातून असं असताना, नोकरीच्या भानगडीत कशाला पडायचं? घरच्यांनी सोडलं तरी कसं? ठाण्याला रेल्वे सुरक्षा दलाचे जवान डब्यात शिरताना दिसतात, तसा तो दुसऱ्या दाराने उतरायची घाई करतो. ‘जपून हं, ताई,’ असं बजावतो. धक्का त्याचाच लागलेला असतो.