बोली मालकाची, पिशवी कुणाची?

नामपूरच्या बाजार समितीत एक ट्रॉली उन्हाळ कांद्यावर बोली लावायची तर आधी परवाना लागतो. परवान्यासाठी अनामत लागते, बँक हमी लागते. सौदापट्टी हातात पडली की खळ्यावर काटा, वांधा निघालाच तर त्याची हुज्जत, मग हिशोबपट्टी, आणि पैसे त्याच दिवशी चुकते करायचे असा नियम. नियम आहे म्हणून पैसे मिळतातच असं कुणी समजू नये. न वटलेले चेक जपून ठेवलेले शेतकरी कसमादे पट्ट्यात गावोगाव भेटतील. पण निदान इथं एक प्रश्न विचारायची रीत आहे. नवखा व्यापारी चढ्या आवाजात बोली फोडायला लागला की गर्दीतून कुणीतरी म्हणतंच, "पैसा कोना शे रे भो?"

क्रिकेटच्या लिलावात हा प्रश्न विचारत नाहीत. तिथं फक्त किती, एवढंच विचारतात.

२१ मार्च २०१० रोजी चेन्नईत आयपीएलच्या दोन नव्या संघांचा लिलाव झाला. सुब्रतो रॉय यांच्या सहारा समूहानं पुण्याचा संघ ३७ कोटी डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या हिशोबानं सुमारे १,७०२ कोटी रुपयांना उचलला. दोन वर्षांपूर्वी आयपीएलचे आठच्या आठ संघ मिळून ७२ कोटी डॉलरच्या आसपास गेले होते. एकट्या पुण्यानं त्याच्या निम्म्याहून जास्त भाव खाल्ला. पुणेकरांना यात काही विशेष वाटलं नसावं. आपली किंमत त्यांना आधीपासून ठाऊक होती.

लिलावाला आठ महिने होतात तोच सेबीनं सहाराच्या दोन कंपन्यांना लोकांकडून पैसे गोळा करायला मनाई केली. ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, चोवीस हजार कोटींच्या घरातली रक्कम पंधरा टक्के व्याजानं परत करा. गुंतवणूकदार किती? कंपन्यांच्या म्हणण्यानुसार जवळपास तीन कोटी. त्यांचे पुरावे मागितले तेव्हा सहारानं १२७ ट्रक भरून कागद सेबीकडे धाडले. एवढे ट्रक एका दिवशी कांद्याचे आले तर भाव पडतो. कागदांचे आले तर तारीख पडते.

इकडे संघ मैदानावर पळतच होता. पहिल्या वर्षी दहा संघांत नववा, दुसऱ्या वर्षी नऊ संघांत नववा, तिसऱ्या वर्षी नऊ संघांत आठवा. शेवटच्या वर्षी सुधारणा झाली हे मोकळ्या मनानं मान्य केलं पाहिजे. मे २०१३ मध्ये क्रिकेट मंडळानं सहाराची बँक हमी वटवली, सहारा रुसून बाहेर पडली, ऑक्टोबरात करार रद्द झाला. मार्च २०१४ मध्ये मालक तिहार तुरुंगात होते. गहुंज्याच्या नव्याकोऱ्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं होतं, तेही पैसे ठरल्याप्रमाणे न आल्यानं उतरवावं लागलं.

मंडळाची बँक हमी होती, म्हणून मंडळाला काही तरी मिळालं. पासबुकवाल्यांकडे कुणाची हमी होती? सहाराच्या चार सहकारी सोसायट्यांच्या ठेवीदारांसाठी जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारनं पोर्टल उघडलं. आधार मोबाइलला जोडा, मोबाइल बँकेला जोडा, पावत्या चढवा, आणि पहिल्या टप्प्यात जास्तीत जास्त दहा हजार रुपये मिळवा. दुकानोदुकानी फिरून रोजचे दहा-वीस रुपये गोळा करणाऱ्या एजंटाला ज्यांनी चहा पाजला, ते म्हातारपणी सेतू केंद्राच्या रांगेत अंगठा घासत उभे राहिले. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुब्रतो रॉय मुंबईत वारले.

हा झाला जिंकलेला बोलीदार. हरलेलेही काही कमी पाहण्यासारखे नव्हते.

पुण्यासाठी व्हिडिओकॉन स्पर्धेत होती. तिचे वेणुगोपाल धूत यांना पुढे डिसेंबर २०२२ मध्ये आयसीआयसीआय बँकेच्या कर्जप्रकरणात सीबीआयनं अटक केली, महिन्याभरात अंतरिम जामीन मिळाला. आणखी एक बोली होती पुण्याच्या सिटी कॉर्पोरेशन या कंपनीच्या नावावर. जून २०१० मध्ये बातमी फुटली की या कंपनीत शरद पवार, त्यांच्या पत्नी आणि सुप्रिया सुळे यांचा मिळून १६.२२ टक्के हिस्सा आहे. त्याआधी पवारांनी सांगितलं होतं की आयपीएलच्या बोलीशी आपला किंवा कुटुंबाचा संबंध नाही. मग खुलासा आला: बोली कंपनीच्या नावावर असली तरी ती कंपनीचे प्रमुख अनिरुद्ध देशपांडे यांनी वैयक्तिक पातळीवर लावली होती, संचालक मंडळानं तशी मुभा दिली होती. म्हणजे नाव कंपनीचं, इच्छा वैयक्तिक. बोली हरली आणि विषय मिटला. पवार तेव्हा देशाचे कृषिमंत्री होते आणि महिन्याभरात आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे अध्यक्ष होणार होते. आमच्या भागातल्या कांदेवाल्याला कृषिमंत्र्यांच्या लक्ष देण्याबद्दल जी तक्रार असायची, तिचं थोडंफार स्पष्टीकरण यातून मिळतं.

त्याच लिलावातल्या कोची संघानं शशी थरूर यांचं परराष्ट्र राज्यमंत्रिपद महिन्याभरात घालवलं आणि पाठोपाठ ललित मोदींची आयपीएल प्रमुखाची खुर्चीही. मोदी पुढे लंडनला गेले. लंडन म्हटलं की विजय मल्ल्या आले. २००८ मध्ये बंगळूरचा संघ ११ कोटी १६ लाख डॉलरला घेतला तेव्हा विमान कंपनी जोरात होती. नंतर विमानं जमिनीवर आली, कर्मचाऱ्यांचे पगार अडकले, बँका दारात उभ्या राहिल्या आणि २ मार्च २०१६ रोजी साहेब देश सोडून गेले. पण त्याआधीचा एक योग मला फार आवडतो. ऑक्टोबर २०११ मध्ये मल्ल्यांच्या फॉर्म्युला वन शर्यतीच्या संघात सहारानं ४२.५ टक्के हिस्सा घेतला आणि गाडीचं नाव झालं सहारा फोर्स इंडिया. एकाच्या मागे सेबी, दुसऱ्याच्या मागे बँका. गाडी वेगानं पळवणं भागच होतं.

पुण्याच्या नशिबात मात्र क्रिकेटपुरतीच साडेसाती नव्हती. फुटबॉलचं बघा.

डी. एस. कुलकर्णी म्हणजे मराठी उद्योजकतेचं चालतंबोलतं पोस्टर. टेलिफोन पुसून सुगंधी करण्याच्या धंद्यातून वर आलेला माणूस, व्याख्यानमालांचा लाडका वक्ता, घराला घरपण देणारी माणसं ही ज्यांची जाहिरात घरोघर पाठ होती. २०१३ मध्ये त्यांनी लिव्हरपूल क्लबशी हात मिळवून पुण्याजवळ निवासी फुटबॉल अकादमी जाहीर केली. २०१५-१६ च्या हंगामात डीएसके शिवाजियन्स हा संघ थेट आय-लीगमध्ये उतरला. दोन हंगाम खेळला आणि २०१७ मध्ये गाशा गुंडाळला. फेब्रुवारी २०१८ मध्ये ठेवीदारांच्या पैशांच्या प्रकरणात कुलकर्णींना अटक झाली, जामीन मिळायला २०२२ उजाडलं. या ठेवीदारांत निवृत्त शिक्षक होते, बँकेतून व्हीआरएस घेतलेले होते, मुलीच्या लग्नासाठी रक्कम बाजूला काढलेले होते. ज्याच्या अंगणात लिव्हरपूल येतं त्याच्याकडे आपली पेन्शन ठेवायला काय हरकत, असं एखाद्या मास्तरांना वाटलं असेल तर त्यांना हसण्याचं कारण नाही. त्या चिन्हाचा तोच तर उपयोग.

इथं एक न्याय केला पाहिजे. अकादमीतल्या पोरांना मैदान मिळालं, प्रशिक्षक मिळाले, हे खोटं नव्हतं. म्हणून तर राग जास्त येतो. मालक बुडतो तेव्हा सगळ्यात आधी रस्त्यावर येतो तो सतरा वर्षांचा पोरगा. त्याचं नाव ठेवीदारांच्या यादीत नसतं आणि त्याच्या गेलेल्या वर्षांना कुठलं पोर्टल नसतं.

तिसरं उदाहरण एफसी पुणे सिटी. २०१४ पासून इंडियन सुपर लीगमध्ये बालेवाडीत खेळणारा संघ. मालकीत वाधवान कुटुंबाचा समूह, शोभेला हृतिक रोशन. २०१९ मध्ये पैशाअभावी संघ बंद पडला आणि त्याची लीगमधली जागा हैदराबादला गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेनं वाधवानांच्या डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीचं संचालक मंडळ बरखास्त केलं. तिच्या मुदत ठेवींत अडकलेले लोक आजही भेटतात. पुढं एप्रिल २०२० मध्ये आख्खा महाराष्ट्र घरात कोंडलेला असताना, आमच्याकडे कांद्याची पिकअप नाक्यावर अडवली जात असताना, वाधवान मंडळी खंडाळ्याहून महाबळेश्वरला निघाली. सोबत गृह खात्यातल्या बड्या अधिकाऱ्याचं पत्र, कारण कौटुंबिक आणीबाणी. माणसं किती? तेवीस. दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा आणि वर एक पंच. महिनाअखेरीला सीबीआयनं कपिल आणि धीरज वाधवान यांना येस बँक प्रकरणात ताब्यात घेतलं.

खटले कोर्टात आहेत, निकाल कोर्ट देईल. माझा प्रश्न कोर्टाच्या आधीचा आहे. या लोकांना संघ कशाला लागतो? नफा म्हणाल तर पुण्याच्या वरच्या तिन्ही संघांनी तो दाखवला नाही. मिळतं ते वेगळंच. अर्थपानावर आणि गुन्हेपानावर येऊ घातलेलं नाव क्रीडापानावर येतं. मंत्री फोन उचलतो, कारण त्याला पास हवे असतात. नट शेजारी बसतो. एजंटाच्या बॅगेत मालकाचा कर्णधारासोबतचा फोटो जातो, आणि त्या फोटोवर गल्लीबोळांतून ठेवी गोळा होतात. इतकं स्वस्त चारित्र्य प्रमाणपत्र तहसील कचेरीतसुद्धा मिळत नाही.

आणि हे आता वरच्याच मजल्यावर चालतं असं नाही. गावोगाव टेनिस बॉलच्या प्रीमियर लीग निघाल्या आहेत. खेळाडूंचा लिलाव, रंगीत टी-शर्ट, डीजे, आणि फ्लेक्सवर संघमालकांचे फोटो. प्लॉटिंगवाले, वाळूवाले आणि एक-दोन भावी. बिनशेती नसलेल्या प्लॉटचे पैसे लोकांकडून घेतलेला माणूस चषकाचं उद्घाटन करतो आणि ज्याचे पैसे अडकले तो टाळ्या वाजवायला पुढच्या रांगेत. भांडायला जागा राहत नाही, कारण पोरगा त्याच्याच संघात ओपनिंगला असतो.

परदेशात सगळं आलबेल आहे अशी समजूत करून घेऊ नका. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये मालक लायक आहे का हे तपासायची रीतसर चाचणी आहे. मायदेशी भ्रष्टाचाराचे खटले अंगावर असलेले थायलंडचे माजी पंतप्रधान थाकसिन शिनावात २००७ मध्ये त्या चाचणीतून सहीसलामत पार झाले आणि मँचेस्टर सिटीचे मालक बनले. पुढच्याच वर्षी क्लब अबू धाबीला विकून मोकळे. अमेरिकेत इतर मालकांची संमती लागते. तिथं रेडिओवर गरळ ओकणाऱ्या रश लिंबॉ यांना २००९ मध्ये सेंट लुइस रॅम्ससाठी बोली लावणाऱ्या गटातून त्यांच्याच भागीदारांनी वगळलं. डोनाल्ड ट्रम्प यांना २०१४ मध्ये बफेलो बिल्स हवा होता, त्यांच्यापेक्षा मोठी बोली आली आणि संघ हुकला. मग त्यांनी दुसरं काहीतरी बघितलं.

आपल्याकडे मात्र नियम आडवा आला तर नियमालाच बाजूला सरकवतात. मंडळाच्या पदाधिकाऱ्याचा मंडळाच्या सामन्यांत किंवा स्पर्धांत व्यावसायिक हितसंबंध नसावा असा नियम होता. खजिनदार एन. श्रीनिवासन यांच्या इंडिया सिमेंट्सनं चेन्नईचा संघ घेतला आणि २००८ मध्येच आयपीएलपुरती त्या नियमातून सूट निघाली. सर्वोच्च न्यायालयाकडून ती दुरुस्ती रद्द व्हायला जानेवारी २०१५ उजाडला. मधल्या काळात श्रीनिवासन यांचे जावई गुरुनाथ मय्यप्पन सट्टेबाजीत सापडले, राजस्थानचे सहमालक राज कुंद्राही सापडले आणि पुढे लोढा समितीनं दोघांना क्रिकेटमधून आजन्म घालवलं. चेन्नई आणि राजस्थान दोन वर्षं घरी बसले. त्या रिकाम्या जागेत पुण्याला पुन्हा संघ मिळाला, फक्त दोन वर्षांपुरता. मुदत भरत आली तसा तो २०१७ च्या अंतिम सामन्यात एका धावेनं हरला आणि निघून गेला.

मंडळांना करण्यासारखं काम अवघड नाही. जी कंपनी किंवा जो समूह लोकांच्या ठेवी घेतो, त्यानं ठेवीदारांची देणी वेळेवर चुकती होत असल्याचा लेखापरीक्षकाचा दाखला दिल्याशिवाय बोलीचं पाकीट उघडूच नये. खेळाडू आणि कर्मचारी यांच्या वर्षभराच्या पगाराची बँक हमी वेगळी घ्यावी, आणि मालक बुडाला तर ती मंडळानं आपल्या खिशात न घालता त्यांना द्यावी. मंडळ हे करील का? करणार नाही. चढ्या बोलीचा पहिला फायदा मंडळालाच होतो.

तेव्हा आपलं आपणच बघायचं. तुमच्या ठेवी ज्याच्याकडे आहेत त्यानं संघ विकत घेतल्याची बातमी पेपरात वाचलीत, तर अभिनंदनाचा फ्लेक्स लावायच्या आधी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पावती घेऊन त्याच्या शाखेत जा आणि मुदतीपूर्वीचं व्याज गेलं तरी चालेल, पण मुद्दल काढून आणा.