रेंज नसण्याची चैन

वेल्ह्याच्या आडबाजूच्या वाड्यांत मोबाईलला रेंज नाही, अशी रड काहीजण लावतात. त्यांना बाजारभाव ठाऊक नाही. हीच शांतता ‘डिजिटल डिटॉक्स’ या नावाने, पिठलं-भाकरीसह, पुण्याच्या मंडळींना शनिवार-रविवारी चांगल्या दराने विकली जाते. स्थानिकांना मात्र ती बारमाही फुकट! खरं तर भोर-वेल्ह्यातल्या सातबाऱ्यांवर ‘इतर हक्का’त तिची नोंद हवी, आणि उपभोगापोटी माफक आकारणीही.

शासनाची दूरदृष्टी तर पाहा. पेन्शनरांचा हयातीचा दाखला २०१४ पासून डिजिटल झाला. त्यासाठी लागणारा ओटीपी रेंजअभावी घरात येत नाही. तेव्हा म्हातारबांनी काठी टेकत टेकाड गाठायचं, फोन डोक्यावर धरायचा आणि आकडे उमटेपर्यंत तसंच उभं राहायचं. तोरणाच १,४०३ मीटर उंच. तालुक्यात टेकाडांची टंचाई नाही. जो आकडे घेऊन खाली उतरला, तो हयात. जो उतरलाच नाही, त्याचंही प्रकरण निकाली. इतकी निर्दोष पडताळणी कुठल्या यंत्राला जमेल?

दाखल्याचा महिना नोव्हेंबर. संबंधितांनी गुडघ्यांना तेल चोळून तयार राहावं.