लपून खेळणाऱ्याची तक्रार

रोल-प्लेइंग गेममध्ये मी नेहमी स्टेल्थ कॅरेक्टर बांधतो. कुणाला चाहूल लागू न देता खोलीत शिरायचं, काम उरकायचं आणि पहारेकऱ्याची जांभईही न मोडता बाहेर पडायचं, याला तलवार फिरवण्यापेक्षा जास्त डोकं लागतं आणि कितीतरी जास्त धीर लागतो. म्हणूनच खेळण्याच्या या पद्धतीची गेम बनवणाऱ्यांकडून जी हेळसांड होते, ती मला सहन होत नाही. मी २०११ सालच्या ‘स्कायरिम’बद्दल बोलणार आहे, कारण तो बहुतेकांनी खेळलेला आहे आणि लपणाऱ्याला त्यात वरवर पाहता बरंच काही देऊ केलेलं आहे.

मांजरमुखी खाजीत वंशाचा गडी घेतला तर ‘स्नीक’ हे स्किल १५ ऐवजी २५ पासून सुरू होतं. रिव्हरवुडच्या वाटेवर तीन उभ्या शिळा लागतात, त्यातली चोराची शिळा निवडली की चोराच्या गटातली स्किल्स २० टक्के लवकर वाढतात. पुढे प्रत्येक लेव्हलला एक पर्क (वाढीव क्षमता) मिळतो. स्नीकची अख्खी शाखा भरायला असे १३ पर्क जातात. त्यातले पाच तर फक्त शत्रूच्या नजरेत येणं थोडं अवघड व्हावं म्हणून घ्यायचे: पहिल्याला २० टक्के, मग २५, ३०, ३५ आणि शेवटी ४०. हे १३ पर्क लोहारकामातून, ढालीतून, चिलखतातून वाचवलेले असतात. म्हणजे समोरासमोर गाठ पडली तर आपण मार खाणार, हे मान्य करूनच हा गडी बांधायचा असतो. ही किंमत मला मंजूर आहे. ती मोजून जे हातात पडतं, ते मंजूर नाही.

स्नीक ३० झालं की चिलखताचा आवाज निम्मा करणारा पर्क घेता येतो. ७० झालं की ‘सायलेन्स’ मिळतो, मग चाललात काय नि धावलात काय, त्यावरून कुणाला पत्ता लागत नाही. पण ‘मफल’ मंत्राचे बूट हाती लागले की बरंचसं तेच काम फुकटात होतं. ज्याने मेहनतीने दोन पर्क घातले, त्याच्या मेहनतीचं मोल एका बुटांच्या जोडाइतकं ठरतं.

मग येतो खंजीर. ‘असॅसिन्स ब्लेड’ या पर्कने लपून केलेला खंजिराचा वार १५ पट लागतो. लपून मारलेला बाण पर्क घेऊनही ३ पटच लागतो. आकडे पाहून कुणीही खंजिराकडे वळेल, मीही वळतो. पण खंजिरासाठी शत्रूच्या पाठीपर्यंत सरपटत जावं लागतं, आणि बाण मारायला खोलीच्या दारातून उठावंही लागत नाही. बाण चुकला किंवा कमी लागला तरी बिघडत नाही, कारण शत्रू थोडा वेळ इकडेतिकडे शोधतो, भास झाला असावा असं काहीसं पुटपुटतो आणि आपल्या जागी जाऊन उभा राहतो. शेजारी सोबत्याचं प्रेत पडलेलं असतं, त्याच्या स्वतःच्या अंगात बाण रुतलेला असतो, तरीही. लपाछपीत ज्याच्यावर राज्य असतं ते सहा वर्षांचं पोरही एकदा दिसलेला गडी इतक्या लवकर विसरत नाही. जादूगार किंवा पहिलवान म्हणून सुरुवात केलेला खेळाडूही शेवटी अंधारात बसलेला तिरंदाजच होतो, असं जगभरचे स्कायरिमवाले म्हणतात. यात त्यांचा दोष नाही. पहारेकरीच इतका विसराळू असेल, तर जवळ जाण्याची जोखीम कुणी का घ्यावी? मला विसरणारा शत्रू नको आहे. ज्याच्यापासून लपण्यात काही अर्थ आहे असा शत्रू हवा आहे.

सोबत्यांचंही तसंच. व्हाइटरन शहरात लिडिया पदरी पडते. ती निष्ठावान आहे, शूर आहे, आणि अंगावर जड पोलादी चिलखत आहे. ४० च्या स्नीकला मी ‘लाइट फूट’ घेतो, म्हणजे सापळ्याच्या फरशीवर माझा पाय पडला तरी सापळा सुटत नाही. माझ्या मागून लिडिया येते आणि त्याच फरशीवर उभी राहते. तिला दाराबाहेर थांबवून जाता येतं, आणि मी थांबवतोही. पण सोबतीला माणूस द्यायचा आणि त्याला कायम दाराबाहेर उभं करायला लावायचं, याला सोय म्हणता येत नाही.

आता मुख्य कथेकडे येतो, कारण माझं खरं दुखणं तिथे आहे. या कथेत नायकाला जन्मजात शक्ती मिळते ती ओरडण्याची. डोंगरमाथ्यावर राहणारे ग्रेबीअर्ड नावाचे म्हातारे साधक त्याला ती वापरायला शिकवतात. स्वतःचा पत्ता लागू न देता वापरता येतील असे एकदोन शब्दप्रयोग यादीत आहेत, ‘ऑरा व्हिस्पर’ हा तर चांगलाच उपयोगी आहे. पण कथेला हवी असते ती आरोळी. ड्रॅगन आकाशातून येतो, उघड्या माळावर येतो, आणि अल्डुइन या मुख्य ड्रॅगनशी गाठ पडते तेव्हा त्याला खाली उतरवण्यासाठी आरोळीच ठोकावी लागते. तिथे खांब नाही, सावली नाही, मागून जायला मागची बाजू नाही. ज्या नायकाने सगळं आयुष्य कुणाच्या कानावर न पडण्यात घातलं, त्याच्यासाठी कथेत दुसरं दारच ठेवलेलं नाही. भुयारांतही तेच. पहिल्याच मोठ्या भुयारात, ब्लीक फॉल्स बॅरोमध्ये, शब्द कोरलेल्या भिंतीशी गेलं की शवपेटीचं झाकण उडतं आणि ड्राऊगर हा चालता मुडदा उठतो. तुम्ही पाय किती हलका टाकलात, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्याची उठायची वेळ लिहून ठेवलेली आहे.

ओरडणाऱ्या नायकाची कथा लपणाऱ्याला पारखी वाटेल, हे मी एकवेळ समजून घेईन. पण चोरांच्या टोळीची कथा तर खास आमची! तिच्यात स्नो व्हेल सँक्टमच्या आतल्या दालनात पाऊल टाकलं की अंधारातून कार्लिया नावाच्या तिरंदाजाचा बाण येतो आणि नायक लुळा होऊन पडतो. स्नीक १५ असो की १००, बाण लागतोच. ज्या कथेत लपण्याच्या कलेची परीक्षा व्हायला हवी, तिथे ती कला तेवढ्यापुरती रद्द केली जाते. मला हरायला हरकत नाही. मला दिसलेल्या, मी चुकवू शकलो असतो अशा बाणाने हरायचं आहे.

हे अटळ नसतं, याचा पुरावा त्याच वर्षी आलेल्या ‘डेअस एक्स: ह्यूमन रेव्होल्यूशन’मध्ये आहे. तिथे न मारता बेशुद्ध केलं तर अनुभवाचे गुण जास्त मिळतात आणि कुणाच्याही नजरेस न पडता पार झालं तर ‘घोस्ट’चं वेगळं बक्षीस मिळतं. इतका मान देणारा गेम बॉसशी गाठ पडल्यावर मात्र दार बंद करून लढायला लावायचा. हातालाच मशीनगन जोडलेला बॅरेट आणि हॅकिंगवर सगळे पॉइंट खर्चून बसलेला खेळाडू, दोघं एका खोलीत. या बॉसच्या लढती बाहेरच्या कंपनीकडून करून घेतल्या होत्या, हे पुढे जाहीर झालं. खेळाडूंनी ओरड केली आणि २०१३ च्या ‘डायरेक्टर्स कट’मध्ये याच खोल्यांत लपून आणि हॅकिंग करून जिंकण्याचे मार्ग घालण्यात आले. म्हणजे इच्छा असली की खोली बदलता येते.

त्याहून जुनं उदाहरण १९९८ च्या ‘थीफ’चं. तिथे पाण्याचा बाण मारून मशाल विझवता येते, शेवाळाचा बाण मारून फरशीचा आवाज दाबता येतो, आणि आपण किती उजेडात आहोत हे पडद्याच्या तळाशी असलेला खडा सतत सांगत राहतो. अंधार मिळेल तिथे बसायचं नसतं, तो आपण तयार करायचा असतो. स्कायरिममध्ये १३ पर्क खर्चूनही भिंतीवरची एक मशाल मला विझवता येत नाही. २०१६ मध्ये या गेमची ‘स्पेशल एडिशन’ आली. त्यात प्रकाशाचे नवे झोत घातले, धुक्यातून आणि खिडक्यांतून ऊन तिरपं पडताना दिसू लागलं, आणि ते सुंदर आहे. एवढं काम प्रकाशावर झालं, तेव्हाच तो घालवण्याची सोयही करायला हवी होती.