अर्थपूर्ण विधींचा मसुदा

विवाहसोहळा ‘अर्थपूर्ण’ करावयाचा असा वधूवरांनी एकदा संकल्प सोडला, की परंपरा वाडवडिलांकडून न येता संयोजकाच्या दफ्तरातून, तपशीलवार मसुद्यासह, दाखल होऊ लागते. आणि जात्यावर हळद दळणाऱ्या सवाष्णींची जागा पिवळ्या पोशाखाच्या फर्मानाने घेतली, तरी ते पुरातन आहे याविषयी मांडवात कोणासही शंका उरत नाही. सप्तपदीने होणाऱ्या विवाहात सातवे पाऊल पडताच तो पूर्ण व बंधनकारक होतो, असे 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचे कलम 7 सांगते. परंतु प्रकाश नीट न पडल्यामुळे तेच पाऊल छायाचित्रकाराच्या हुकमावरून पुनश्च टाकावे लागले, गुरुजी सुपारी सरळ करीत तिष्ठत राहिले, तर त्या दांपत्याचा विवाह एकदा झाला की दोनदा, याचा खुलासा कायद्यात नाही. 1873 मध्ये जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने विवाहविधीत अर्थ शोधला तो पुरोहित वगळून; आमच्याकडे पुरोहित कायम ठेवून वर सूत्रसंचालकही नेमतात. असो. नव्या विधींना आमची हरकत नाही. संयोजकांनी एवढीच तजवीज करावी, की मुहूर्त टळला तरी पंगत टळू नये.