बेबीमावशीचा पाक

बेबीमावशीच्या गॅसवर साखर रटरटत असली की स्वयंपाकघरात शिरणाऱ्यानं आधी ओट्यावर नजर टाकावी. शेजारी वेलदोड्याची पूड दिसली तर लाडू आहेत. पिळलेली लिंबं दिसली तर पाय आहेत. आमच्या एका नव्या जावयानं हे न बघता गार झालेल्या पातेल्यातलं बोटभर चाटलं आणि "मावशी, पाक जरा आंबट झालाय" असं कौतुकाच्या सुरात सांगितलं. मावशी म्हणाली, "असू दे. तुमच्या बायकोच्या पोटऱ्यांना चालतो."

ही माझी मावशी डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहते. उभी हयात शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर कुणी भजनी मंडळात जातं, कुणी योगाचा क्लास लावतं. मावशीनं अख्ख्या गोतावळ्यातल्या बायकांच्या हातापायांचे केस ताब्यात घेतले. "पार्लरमध्ये काय वेगळं करतात? घरच्या घरी होतं," एवढं म्हणून तिनं पदर खोचला, तो अजून सोडलेला नाही.

'घरच्या घरी'वाली ही जमात गल्लोगल्ली सापडते. कुणी पनीर घरी करतं, कुणी गिरणीवाल्याला नावं ठेवून घरघंटी आणतं, कुणी गणपतीची मूर्ती स्वतः घडवतं आणि मग आरतीला येणाऱ्यांना सोंड कुठली ते विचारून घ्यावं लागतं. या लोकांचे पैसे वाचतात असा एक समज आहे. आमच्या काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, एकदा लिंबं, गॅस, फसलेला पाक आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चहा धरून हिशेब मांडला, तेव्हा पार्लर स्वस्त पडतं असं निघालं. ती वही नंतर कुणाला दिसली नाही.

पाकाचं प्रमाण सरळ आहे: दोन वाट्या साखर, पाव वाटी लिंबाचा रस, पाव वाटी पाणी. गोम आहे ती आचेत. पातेलं जाड बुडाचं हवं, आच मंद हवी, आणि मधाचा रंग आला की दुसऱ्या कुणाशी बोलायचं नाही. "एकशे अठरा अंशांच्या आसपास होतो," असं मावशी सांगते, पण थर्मामीटर लावू देत नाही. वाटीत गार पाणी घेऊन त्यात थेंब सोडते. थेंब विरघळला तर कच्चा, टणक खडा झाला तर हाताबाहेर गेला, बोटांत मऊ गोळी वळली तर जमला. लिंबू कशाला, असं मात्र विचारू नये. आम्लानं साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, म्हणून पाक गार झाल्यावर पुन्हा साखर धरत नाही, हे ती ढवळता ढवळता समजावते आणि मध्येच थांबून "काय होतं म्हणाले मी?" असं विचारते. उत्तर आलं नाही तर पुढची पट्टी जोरात ओढली जाते, असा आम्हा भाच्यांचा संशय आहे.

फसलेला पाकही फुकट जात नाही. टणक झाला की त्याचे खडे फोडून सोसायटीतल्या पोरांना लिंबाच्या गोळ्या म्हणून वाटतात. हाल होतात ते पावसाळ्यात. जुलैच्या दमट हवेत पाक ओढ धरत नाही, पायावरून ओघळायला लागतो, आणि लादीवर पडलेल्या थेंबाची बातमी मुंग्यांना शेजाऱ्यांच्याही आधी कळते. माझी एक मावसबहीण वॅक्सनंतर पाय न धुता दिवाणावर आडवी झाली होती. ती ज्या पद्धतीनं उठली ती पाहून काकांना वाटलं, भूकंप झाला. बाजारच्या राळेच्या वॅक्सला तेल चोळत बसावं लागतं, आपला पाक मात्र कोमट पाण्यानं निघतो, हे मावशीनं तिला त्याही अवस्थेत ऐकवलं.

पट्ट्या जुन्या जीन्सच्या. कापड जाड हवं, ताणलं जाता कामा नये, म्हणून त्या घरात जीन्स गुडघ्यावर फाटायची वाट कुणी बघत नाही. वापरलेल्या पट्ट्या गरम पाण्यात भिजवून, धुऊन बाल्कनीतल्या दोरीवर वाळत पडतात. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी "गोधडी शिवायला घेतलीत वाटतं?" असं विचारलं, मावशीनं "हो" म्हणून वेळ मारून नेली. आजोबा हल्ली दर थंडीत आठवण करतात.

ओढायच्या आधी चौकशी होते. केस पाव इंच वाढलेत का? नाही? मग पुढच्या आठवड्यात ये, पाक काय हवेला धरणार? रात्री चेहऱ्याला काही चोपडतेस? रेटिनॉल असेल तर ओठावर हात लावणार नाही, केसांबरोबर कातडी येईल. मग पायावर पावडर. मग केसांच्या दिशेनं पाकाचा पातळ थर, वर पट्टी, तीवर तळहात दोनदा घासून एका हातानं कातडी ताणून धरायची. आणि इथं मावशी अगदी सहज विचारते, "काय गं, तुझ्या सासूबाई अजून किती दिवस आहेत?"

भाची उत्तर द्यायला तोंड उघडते आणि त्याच क्षणाला पट्टी उलट्या दिशेनं निघते. बाहेर जे पडतं ते उत्तर नसतं. मावशी ओढल्या जागी तळहात दाबून धरते आणि पुढची पट्टी उचलते. प्रश्नाची निवड तिनं फार विचारपूर्वक केलेली असते. "जेवलीस का?" यानं लक्ष उडत नाही. सासू, बढती, फ्लॅटचा हप्ता, धाकट्या दिराचं लग्न, असलं काही लागतं. या अर्धवट तुटलेल्या वाक्यांतून मावशीला आमच्या घरांतल्या इतक्या भानगडी कळलेल्या आहेत की तिच्याशी कुणी भांडत नाही.

नवी पद्धत हाती आली की ती आधी काकांवर होते. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, स्वभावानं सोशिक, आणि पायांवर केस भरपूर. मावशीनं त्यांच्या डाव्या पोटरीवर स्केचपेननं चार चौकोन आखले. एकात पाक, एकात क्रीम, एकात मशीन आणि चौथा तसाच सोडलेला, तुलनेसाठी. प्रयोगात तो लागतोच. दुसऱ्या दिवशी सकाळी काका बर्म्युडा घालून फिरायला गेले, तर कट्ट्यावरच्या मंडळींनी त्यांना कातडीच्या डॉक्टरांचे पत्ते दिले आणि शेजारी बसणाऱ्यांनी जागा बदलली.

क्रीमबद्दल मावशीला मनापासून आदर आहे, कारण ते तिच्या विषयातलं आहे. ट्यूब उघडल्यावर पहिल्यांदा तिनं कपाटातून शाळेच्या काळातला तांबडा लिटमस काढला. क्षणात निळा. "बघितलंत? पीएच बाराच्या घरात असणार." त्यातलं थायोग्लायकोलेट केसातल्या केराटिनचे गंधकाचे बंध तोडतं, केस मऊ लगदा होऊन पुसला जातो. "पण कातडीच्या वरच्या थरातही केराटिनच आहे. थांब कुठं म्हणायचं हे त्या क्रीमला कळत नाही, ते आपल्याला कळायला हवं. म्हणून घड्याळ." एवढं निरूपण करून तिनं काकांच्या चौकोनाला क्रीम लावलं आणि नेमका पुण्याहून काकांच्या बहिणीचा फोन आला. पुण्याचा फोन तो. चौकोन आठवडाभर लालबुंद होता आणि त्याचं खापर आजही नणंदेवर आहे. वासाचं तर विचारू नका. शेजारणीनं दुसऱ्या दिवशी ड्रेनेजवाल्याला बोलावून घेतलं.

केस मुळापासून उपटणारं मशीन एका भाच्यानं अमेरिकेहून आणलं. इस्रायलमधल्या एका किबुत्झवर १९८६ साली असलं मशीन पहिल्यांदा बाजारात आलं, त्यात फिरती स्प्रिंग होती, ती केस पकडून उपटायची, हा सगळा इतिहास मावशीनं काकांना मशीन पोटरीवरून फिरत असतानाच सांगितला. किबुत्झ म्हणजे सामुदायिक शेती, हेही सांगितलं. काका दात आवळून म्हणाले, "मग त्यांनी शेतीच करायची होती."

न्यू जर्सीच्या भाचीनं प्रकाशाचं मशीन पाठवलं तेव्हा मात्र काकांना काहीच झालं नाही. तो प्रकाश केसातल्या काळ्या रंगाला धरतो आणि उष्णता मुळाशी नेतो. कातडी गोरी आणि केस काळेभोर, अशीच स्थळं त्याला पसंत. काकांच्या पांढऱ्या केसांवर ते नुसतंच लखलखलं, आणि मावशीच्या सावळ्या दंडावर टेकवल्यावर त्यातल्या सेन्सरनं उजेड पाडायलाच नकार दिला. "पत्रिका जुळत नाही," म्हणून मावशीनं ते परत खोक्यात घातलं. जुन्या वैद्यक ग्रंथातला हरताळ आणि चुन्याचा लेपही तिच्या मनात होता. पण हरताळ म्हणजे आर्सेनिकचं सल्फाइड, हे तिच्यातल्या मास्तरणीला वेळेवर आठवलं आणि त्या बेतावर तिनं आपणहून हरताळ फासला. काकांनी संध्याकाळी देवापुढे पेढे ठेवले.

वस्तऱ्यावरून तिचं आणि माझ्या आईचं जन्मात पटलेलं नाही. आईचं म्हणणं, रेझर फिरवला की केस राठ येतात, दाट येतात, पुरुषी येतात. मावशी म्हणते, मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ साली पुरुषांच्या दाढ्यांवर हे तपासून छापलंय. केसाची जाडी बदलत नाही, रंग बदलत नाही, वाढीचा वेग बदलत नाही. वस्तरा केस आडवा कापतो, टोक बोथट राहतं, म्हणून हाताला टोचतं, एवढंच. आई म्हणते, "त्या ट्रॉटरबाईंना माझ्या पायांचं काय कळणार?" यावर शास्त्राकडे उत्तर नाही. गंमत अशी की मावशी स्वतः आयुष्यात रेझरला शिवलेली नाही. छेडलं तर म्हणते, "त्यांचं खरंच आहे गं. पण उगीच विषाची परीक्षा कशाला?"

तिला गप्प करणारी व्यक्ती मी एकच पाहिली. धाकट्या भाचीच्या बाळंतपणात मालीशवाल्या बाईंनी बाळाच्या पाठीवर कणकेचा गोळा फिरवायला घेतला, लव जावी म्हणून. ती लव काही आठवड्यांत आपसूक झडते आणि गोळ्यानं कोवळी कातडी तेवढी लाल होते, हे मावशीनं सांगायला सुरुवात केली. बाईंनी हात न थांबवता वर पाहिलं. "ताई, तुमची लव माझ्या आईनं याच गोळ्यानं काढलीन. गेली ना?" मावशी दोन मिनिटं विचार करत उभी होती. तुलनेसाठी सोडलेला चौकोन नव्हता.

गेल्या वर्षी काकांची अकरावीतली पुतणी आली. उन्हाळ्यात तोंडाला ओढणी गुंडाळून. हनुवटीवर, कल्ल्यांच्या जागी दाट राठ केस. मुलीच्या आईनं दारातूनच सांगितलं, "हिचं काय ते मुळापासून काढून टाका, उद्या दाखवायची वेळ येईल." पाक तयार होता. मावशीनं मुलीला खिडकीशी उजेडात बसवलं, चष्मा लावून नीट पाहिलं आणि गॅस बंद केला.

"पाळी महिन्याच्या महिन्याला येते?"

"तीन-तीन महिने येत नाही."

"वजन?"

"वाढलंय."

"मग हे आधी डॉक्टरला दाखवायचं. केस मी नंतरही काढीन, ते कुठं पळून जात नाहीत."

सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, पीसीओएस निघालं. नंबर लावायला मावशी स्वतः जाऊन बसली. मुलीच्या आईनं पुन्हा लग्नाचा विषय काढला तेव्हा मावशीनं तिला बाकावर उभं करायचं तेवढं बाकी ठेवलं. त्या मुलीचा चेहरा आता ती दोऱ्यानं करते, दोऱ्याचं एक टोक दातात धरून, अगदी हळू. काम चालू असताना तिला कसलाही प्रश्न विचारत नाही.

स्वतःच्या हनुवटीवरच्या दोन-चार केसांचा बंदोबस्त ती बेडरूमचं दार लावून, आरसा आणि चिमटा घेऊन करते. तेवढं सोडून सगळं खुलेआम.

यंदा एका भाचीच्या लग्नात वरपक्षाचं हॉटेलवर जेवण, वधूपक्षाकडे मेकअपवाली, असा थाट होता. त्यात कुणीतरी पार्लरमधली मुलगीही घरी बोलावली. मावशीला हे कुणी सांगायचं, यावर बराच खल झाला आणि शेवटी कुणीच सांगितलं नाही. मुलगी हीटर, वॅक्सचा डबा आणि कागदी पट्ट्यांचा गठ्ठा घेऊन दाखल झाली. मावशीनं खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी परीक्षकाच्या मुद्रेनं बसली. "दिशा बघ. थर जाड होतोय. कातडी ताण." मुलगी प्रत्येक वेळी "हो काकू" म्हणत होती आणि हवं तेच करत होती. मग तिनं नवरीच्या पायावर पट्टी दाबली, मान वर करून गोड आवाजात विचारलं, "ताई, सासरी शिफ्ट होणार की वेगळं राहणार?" आणि खस्सकन ओढली.

मावशी खुर्चीतून उठली. "कुणाकडे शिकलीस हे?"

"कुणाकडे नाही काकू. आपोआप सुचतं."

त्यानंतर मावशीनं तिला सूचना केल्या नाहीत. आलं घालून चहा केला, शेजारी चिवडा ठेवला आणि सगळ्यांचं उरकल्यावर साडी गुडघ्यापर्यंत घेऊन आपला पाय पुढे केला. पैशांवरून मात्र घासाघीस झाली. बरीच झाली. शेवटी मुलीनं मागितले तेवढे पूर्ण दिले आणि वॅक्सचा रिकामा डबा ठेवून घेतला. झाकण घट्ट आहे म्हणाली, मेतकुटाला बरा पडेल.